सात दिवसांची दाद

आमगावला लागूनच पदमपूर आहे. हावडा-मुंबई रेल्वेमार्गावरच्या या भागात उतरणाऱ्याच्या नजरेत आधी भरतात त्या धानाच्या बांध्या आणि राइस मिलच्या आवारातले कोंड्याचे ढीग. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती इथला, हे कुणीतरी सांगावं लागतं. त्याने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत विदर्भातलं पद्मपूर हे मूळ गाव सांगितलं आहे, आणि ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं पदमपूर, असं मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडलं. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे.

या भवभूतीची एक तक्रार जगप्रसिद्ध आहे. त्याच्या काळातल्या काही जाणकारांनी त्याला नावं ठेवली असावीत. ‘मालतीमाधवा’च्या सुरुवातीलाच तो त्यांना सुनावतो, की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, माझ्याच जातकुळीचा कुणीतरी कधीतरी जन्माला येईल, किंवा आजही कुठेतरी असेल, कारण काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. त्याचा हा ‘समानधर्मा’ पुढे मराठी समीक्षेतही रुळला. दाद मिळाली नाही म्हणून भवभूती दाद विकत घ्यायला गेला नाही. तो थांबायला तयार होता, आणि किती थांबायचं याला त्याने हद्द घातली नाही.

स्टीमिटने घातली. सात दिवस.

२०१६ साली नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी स्टीम या ब्लॉकचेनवर, म्हणजे सगळ्यांना उघड असलेल्या नोंदींच्या साखळीवर, हे समाजमाध्यम उभं केलं. कल्पना मोहक होती. फेसबुकवर माणसं लिहितात आणि जाहिरातींचा पैसा कंपनीला जातो. इथे लिहिणाऱ्याला आणि चांगलं लिखाण हुडकून काढणाऱ्याला, दोघांनाही पैसे मिळतील. रोज नवी नाणी तयार होणार, त्यांचा एक सामायिक साठा असणार, आणि वाचकांच्या मतांप्रमाणे तो वाटला जाणार. लेख टाकल्यापासून सात दिवसांत जी मतं पडतील त्यांचा हिशेब; आठव्या दिवशी कुणी कितीही भारावून गेला तरी त्या लेखाला दमडी मिळणार नाही.

यातली खरी मेख मताच्या वजनात होती. इथे माणशी एक मत नाही. ज्याने जितकी नाणी गुंतवून अडकवून ठेवली, त्याच्या मताला तितकं वजन. बड्या खातेदाराने नुसतं बोट टेकवलं तर लेखाच्या पदरात शेकडो रुपये. नवख्याने मनापासून दिलेल्या मताची किंमत पैशा-दोन पैशांचीही नाही. बड्या खातेदारांना तिथे ‘व्हेल’ म्हणत, म्हणजे देवमासे.

२०१७ मध्ये त्यात ‘डेलिगेशन’ आलं. नाणी आपल्याच नावावर ठेवायची, पण त्यांचं मत-वजन दुसऱ्या खात्याला वापरायला द्यायचं. पाहिजे तेव्हा कळ दाबून परत मागवायचं. हेतू वाईट नव्हता. नव्या माणसाला थोडं बळ द्यावं, वाचायला वेळ नसलेल्याने वाचणाऱ्याच्या हाती आपली ताकद सोपवावी, असा तो विचार होता. पण थोड्याच काळात या सोयीवर बाजार बसला.

तो बाजार चालायचा कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. एक स्वयंचलित खातं, म्हणजे बॉट, शेकडो लोकांकडून मत-वजन गोळा करतं. एका खात्याला दिवसात पूर्ण ताकदीची साधारण दहा मतं देता येतात, म्हणून दर दोन तास चोवीस मिनिटांनी एक फेरी. लेखकाने त्या खात्यावर नाणी पाठवायची आणि सोबत आपल्या लेखाचा दुवा जोडायचा. फेरी संपली की बॉट आपलं मत बोलीच्या प्रमाणात सगळ्यांत वाटून टाकतो. जास्त बोलीवाल्याला मोठा तुकडा, कमीवाल्याला छोटा. फेरीत बोली फार चढल्या तर घातलेले पैसेही परत निघत नाहीत. तरी माणसं पैसे घालत, कारण लेख ‘ट्रेंडिंग’च्या पानावर वर चढतो. बोलीतून आलेला पैसा वजन उधार देणाऱ्यांना रोजच्या रोज वाटला जाई. बॉट काही वाचत नाही. वजन देणाराही वाचत नाही. लेख वर चढतो, आणि तो कुणाला आवडला या प्रश्नाला कुणीच धनी नसतो.

मनापासून लिहिणाऱ्यांची चिडचिड झाली ती इथे. पहिल्या पानावर पैसे मोजलेले लेख, आणि रात्र जागून लिहिलेला तळाशी. त्यातही जास्त बोचणारी गोष्ट अशी, की साठा सामायिक होता. विकत घेतलेल्या मताने ओढून नेलेली नाणी आकाशातून पडत नव्हती. बाकीच्यांच्या वाट्यातून जात होती.

मराठीत ‘मत’ हा शब्द दोन अर्थांनी राबतो. मनात असतं तेही मत आणि पेटीत पडतं तेही. मनातलं मत मांडतात, बनवतात, बदलतात. ते विकल्याचं कुणी ऐकलेलं नाही. पेटीतलं मत मात्र फुटतं, फिरतं, विकलं जातं आणि कुजतंसुद्धा. पहिल्या अर्थाचं मत दुसऱ्या अर्थाच्या मतात उतरावं, एवढ्यासाठीच निवडणूक असते. मग उतरवण्याचं ते काम दुसऱ्यावर सोपवता येईल का?

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही. पूर्वमीमांसेने तो यज्ञाच्या निमित्ताने फार बारकाईने चर्चिला आहे. यज्ञाचं फळ करणाऱ्याला मिळतं, मग यजमानाने सगळं स्वतःच करायला हवं. पण सोमयागाला सोळा ऋत्विज लागतात. एकटा माणूस मंत्र म्हणणार, आहुती टाकणार, साम गाणार की चुका तपासणार? जैमिनीच्या सूत्रांवरच्या चर्चेचा निष्कर्ष असा निघतो, की कामं दुसऱ्यांकडून करवून घेता येतात. दक्षिणा हे त्यांचं मोल. त्या व्यवहाराला मीमांसक ‘परिक्रय’ म्हणतात, म्हणजे ठरावीक कामापुरतं माणसाला मोलाने घेणं. मात्र एक गोष्ट यजमानानेच करायची. द्रव्याचा त्याग. ‘हे माझं नाही’ हे त्याच्या वतीने दुसरं कुणी म्हणू शकत नाही.

जैमिनी न वाचलेल्या घरांतही हा नियम पाळला जातो. सत्यनारायणाला पोथी गुरुजी वाचतात, मंत्र गुरुजी म्हणतात, यजमानाला त्यातला अर्धा अर्थही कळत नाही. पण संकल्पाच्या वेळी गुरुजी म्हणतात, “उदक सोडा,” आणि पळीभर पाणी यजमानाच्याच तळहातावरून ताम्हनात पडतं. गुरुजींचा हात तिथे चालत नाही.

भवभूतीच्या घराण्यात वाजपेय यज्ञ केलेला पूर्वज होऊन गेला होता आणि तो स्वतःला व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्हींचा जाणता म्हणवतो. हा भेद त्याला समजावून सांगावा लागला नसता. वजन ही सामग्री झाली. ती उसनी देता येईल, वापरायला देता येईल. निवड हा त्याग आहे. हे चांगलं आणि ते नाही, असं म्हणताना माणूस काहीतरी सोडतो आणि त्याची जबाबदारी घेतो. डेलिगेशनच्या बाजाराने सामग्रीसोबत त्यागही मोलाने देऊन टाकला, आणि घेणारा होता बॉट, ज्याच्यापाशी सोडण्यासारखं काही नव्हतं.

यावर कुणी म्हणेल, हे परदेशी नाण्यांचे खेळ. आपल्या गावाला त्याचं काय? उमराण्याला विचारावं. नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातलं हे गाव. १५ जानेवारी २०२१ ला महाराष्ट्रातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्याआधी उमराण्यात सरपंचपदाचा जाहीर लिलाव झाला, बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, आणि पैसा गावातल्या रामेश्वर महाराजांच्या मंदिरासाठी असल्याचं सांगितलं गेलं. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीतही देवळाच्या कामासाठी ४२ लाखांची बोली लागली. चित्रफिती फिरल्या, आणि मतदानाच्या दोन दिवस आधी राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

लिलावाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा युक्तिवाद उडवून लावण्याइतका पोकळ नाही. निवडणुकीत पैसा जातोच, तो दारू-मटणात जाण्यापेक्षा देवळाला गेला तर काय बिघडलं? भावकीतली डोकी फुटत नाहीत, गाव बिनविरोध होतं. बिनविरोध गावाला विकासनिधी देऊ, अशा घोषणा त्या निवडणुकीत आमदारांनीही केल्या होत्या. शिवाय बोली धर्माला परकी कुठे आहे? जैन मंदिरांत पहिल्या पूजेचा, आरतीचा मान बोलीनेच ठरतो आणि ती रक्कम देवद्रव्यात जमा होते. नवरात्रात कितीतरी गावांत देवीच्या साड्यांचा लिलाव होतो. त्याने कुणाची श्रद्धा दुखावत नाही.

फरक आहे तो विकल्या जाणाऱ्या वस्तूत. आरतीचा मान संघाचा असतो आणि संघ तो देतो. देवीला आलेली साडी देवस्थानची असते. सरपंचपद मात्र लिलावाला बसलेल्या पंचांचं नव्हतं, आणि हजर असलेल्या सगळ्या पुरुषांचं मिळूनही नव्हतं. ते घरात भाकरी थापणाऱ्या बाईचंही होतं, जिला त्या बैठकीला कुणी बोलावलं असेल की नाही, याचा अंदाज गाव पाहिलेला कुणीही बांधू शकतो.

इथे धर्मशास्त्राचा निवाडा स्पष्ट आहे. नारदस्मृतीने ‘अदेय’ वस्तूंची यादी दिली आहे. कितीही मोठी आपत्ती ओढवली तरी या वस्तू देता येत नाहीत. त्यात ‘निक्षेप’ आहे, म्हणजे दुसऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली ठेव. आणि ‘साधारण’ आहे, म्हणजे सामायिक मालकीची वस्तू. मीमांसक याच्याही पुढे जातात. विश्वजित यज्ञात सर्वस्वाचं दान करायचं असतं. मग राजाने सगळी पृथ्वीच देऊन टाकावी का? उत्तर नाही असं येतं, कारण जमीन सगळ्यांचीच सारखी आहे. राजा तिचं रक्षण करतो म्हणून ती त्याच्या दानाची वस्तू होत नाही. या कसोटीवर २ कोटी ५ लाखांचं ते दान देवाला पोचलंच नाही. देणाऱ्याने रोकड आपली दिली असेल. बदल्यात जे घेतलं ते विकण्याचा हक्क विकणाऱ्यांना नव्हता.

स्टीमच्या इतिहासात निक्षेपाचाही प्रसंग येऊन गेला. २०२० च्या फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीकडे सुरुवातीपासून नाण्यांचा भला मोठा साठा होता आणि त्याच्या जोरावर मतदान करणार नाही, असा शब्द पूर्वी दिलेला होता. तो शब्द नवा मालक पाळेल का, या भीतीने ब्लॉकचेन चालवणाऱ्या ‘विटनेस’ मंडळींनी तो साठा गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाणेबाजारांच्या खात्यांतून मोठं मत-वजन पडलं आणि वरचे वीस विटनेस एका झटक्यात बदलले. ही नाणी त्या बाजारांकडे ग्राहकांनी ठेवलेली होती. ठेव सांभाळणाऱ्याने ठेवीच्या जोरावर मतदान केलं आणि ठेवीदाराला कुणी विचारलं नाही. ओरड झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मतं मागे घेतली. पण तोवर बरेच लोक बाहेर पडायच्या तयारीला लागले होते. २० मार्च २०२० ला त्यांनी हाइव्ह नावाची वेगळी साखळी सुरू केली.

ज्याची गुंतवणूक मोठी त्याचं मत मोठं, या तत्त्वाची बाजूही ऐकली पाहिजे. भागभांडवलाच्या कंपनीत तेच चालतं; बुडीत गेलं तर ज्याचं जास्त बुडणार त्याला जास्त बोलू द्यावं, हा व्यवहारी न्याय आहे. पण महाराष्ट्राने दुसरा रस्ताही चालून पाहिला आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम २७ सांगतं, की सभासदाचे भाग कितीही असोत, मत एकच. आणि ते त्याने जातीने द्यायचं, दुसऱ्यामार्फत नाही. गावच्या सेवा सहकारी संस्थेच्या सभेत दोन एकरवाला आणि वीस एकरवाला हात वर करतात तेव्हा दोन्ही हात सारखेच मोजले जातात. सहकारात पुढे काय काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. तरीही मत जातीनेच द्यायचं, ही अट कायदा करणाऱ्यांनी मुद्दाम घातली होती.

मत विकण्याच्या धंद्याला एक अडचण असते. गिऱ्हाइकाला माल पोचला की नाही, हे कळत नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत ‘लक्ष्मीदर्शन’ होतं. पाकिटाला देवीचं नाव देण्याची ही खास मराठी रीत. पण पाकीट घेतलेला माणूस पडद्याआड जाऊन काय करील, याची हमी कोण देणार? म्हणून काही भागांत बेलभंडारा उचलायला लावतात, देवाच्या शपथा घालतात. लाच पक्की करण्यासाठी देवाला साक्षीला बसवायचं. पैसे घेऊन मत दुसऱ्याला दिलं तर शपथ मोडल्याचं पाप लागेल का, असा प्रश्न मग भाबड्या मतदाराला खरोखर पडतो. गुप्त मतदान त्याला यातून सोडवतं. यंत्राशेजारच्या काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते. त्यानंतर खरेदीदाराकडे शपथेशिवाय काही उरत नाही.

ब्लॉकचेनवर प्रत्येक मत कायमचं उघडं. कुणी, कुणाला, केव्हा, किती वजनाचं मत दिलं, हे कुणीही केव्हाही पाहू शकतो. पारदर्शकता म्हणून या गुणाचा गौरव होतो, पण मत विकत घेणाऱ्याला याहून सोयीचं काय असणार? बेलभंडाऱ्याची गरजच नाही. पावती आपोआप फाटते.

बौद्ध विनयात या पेचाची जाण दिसते. भिक्खूंच्या संघात वाद मिटला नाही तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून बहुमत घेत. मतं गोळा करणाऱ्याची पात्रता ठरलेली होती: तो प्रेमाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने झुकणारा नसावा. काड्या घेण्याच्या पद्धती तीन होत्या. गुप्त, कानात सांगून आणि उघड. आजारी भिक्खूला सभेला येता आलं नाही तर तो दुसऱ्याकरवी आपला ‘छंद’ पाठवू शके. पण छंद म्हणजे संमती. संघ जे करील त्याला माझी हरकत नाही, एवढाच तो निरोप. वाटेत निरोप्या संघ सोडून गेला किंवा मेला, तर तो पोचला असं धरत नसत. छंद साठवता येत नव्हता, शंभर आजाऱ्यांचे छंद गोळा करून कुणाला संघात वजनदारही होता येत नव्हतं.

भिक्खूंच्या संघाला ठराव, गणपूर्ती आणि मतदान माहीत होतं, याची आठवण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात करून दिली होती. त्यानंतर पाच वर्षांनी, १९५४ च्या पोटनिवडणुकीत, ते भंडाऱ्यातून लोकसभेला उभे राहिले. तेव्हा गोंदिया आणि आमगाव भंडारा जिल्ह्यातच होते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ ला. मतदारसंघ दुहेरी होता. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव, आणि प्रत्येक मतदाराला दोन मतं. अशा ठिकाणी एक हुकमी डाव असे: आपल्या माणसाला एक मत द्यायचं आणि दुसरं कुणालाच द्यायचं नाही, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची बेरीज वाढत नाही. याला ‘मत कुजवणं’ म्हणत. कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना तसा आदेश काढायला सुचवलं आणि त्यांनी नकार दिला, असं आंबेडकरी चळवळीत आजही सांगितलं जातं. ज्याने संविधान लिहिलं त्याने मत वाया घालवा असं सांगायचं नसतं, अशी त्यामागची भूमिका सांगतात. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर जिंकले आणि बाबासाहेब हरले.

त्या डावात पैसा नव्हता, लाच नव्हती आणि कायद्याचा भंगही नव्हता. तरी मतदाराचं दुसरं मत नेत्याच्या हिशेबाचं साधन होणार होतं. डेलिगेशनच्या बाजारातही दुसऱ्याच्या मताचं तेच होतं. नेत्याला ते नको वाटलं, हा या हकिगतीचा गाभा. त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली असेल.

स्टीमवाल्यांनीही दुरुस्तीचा प्रयत्न केला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नियम बदलले. विरोधी मताला स्वतंत्र कोटा दिला, म्हणजे विकत चढवलेला लेख खाली ओढताना स्वतःचं नुकसान होणार नाही, आणि वाचून मत देणाऱ्याचा वाटा पंचवीस टक्क्यांवरून पन्नास टक्के केला. त्यानंतर बरेच बॉट बंद पडले. वजन सोपवून रोजचा परतावा घेण्याची सवय मात्र रूप बदलून राहिली. चांगलं वाचणाऱ्याला पैसे देऊन वाचायला लावता येतं, हे त्यांनी दाखवलं. तो वाचतो आहे की नुसता मोजतो आहे, हे साखळीवर कुठेच नोंदलं जात नाही.

पदमपूरची गोष्ट मात्र थोडी वेगळ्या वळणावर आहे. आमगाव आणि पदमपूरसह आजूबाजूची गावं मिळून नगर परिषद करण्याचा निर्णय झाला, त्यावरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कारभार कित्येक वर्षं प्रशासकाच्या हाती राहिला. ग्रामपंचायत गेली होती, त्यामुळे ग्रामीण रोजगार हमीची कामंही गेली. नगरसेवक तर निवडलेच गेले नव्हते. मध्य प्रदेशाची हद्द इथून जवळ आहे. आम्हाला तिकडे घाला, अशी मागणी या गावांतून झाली. त्या वर्षांत पदमपूरचा मतदार गडचिरोली-चिमूरच्या खासदारासाठी बोटाला शाई लावून घेत होता, आमगावच्या आमदारासाठीही घेत होता. घरापुढची नाली कुणी उपसायची, हे ज्या मताने ठरतं, ते मत कुणी मागायलाच आलं नाही.